अनुभव असल्यास प्राधान्य

महाराष्ट्रात काही गावांची नावं घेण्याआधी माणसाने आजूबाजूला बघून घ्यावं. ‘पुढच्या महिन्यापासून मी ठाण्याला’ असं म्हणताच समोरचा क्षणभर थांबतो आणि मग हसतो. पुण्यात ‘येरवड्याला’ म्हटलं तर भानगड वाढते, कारण तिथे कारागृहही आहे आणि मनोरुग्णालयही. ऐकणाऱ्याला दोन पर्याय मिळतात आणि दोन्ही त्याला सारखेच आवडतात. विदर्भात हे काम नागपूर करतं, कोकणात रत्नागिरी. राज्यातली प्रादेशिक मनोरुग्णालयं ती हीच चार. नागपूरचं १८६४ सालातलं, रत्नागिरीचं १८८६चं, ठाण्याचं १९०१चं. एवढ्या जुन्या संस्थांनी आरोग्यसेवेत काय भर घातली हे फार थोड्यांना सांगता येईल, पण मराठी माणसाच्या थट्टेत त्यांनी घातलेली भर सर्वमान्य आहे. बी.एस्सी. नर्सिंगची कोरी पदवी हातात घेऊन एखादी मुलगी घरी सांगते की मला मानसोपचार विभागातच नोकरी करायची आहे, तेव्हा तिची पहिली गाठ पडते ती या थट्टेशी. नोकरी शोधणं ही नंतरची गोष्ट.

पहिली फेरी आईची. ‘चार वर्षं फी भरली ती ह्यासाठी?’ दुसरी वडिलांची. त्यांना दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: वॉर्डाला कडी कोणत्या बाजूने आहे, आणि पगार बँकेत जमा होतो का. तिसरी फेरी मावशीची. मावशीने १९६९ सालचा ‘खामोशी’ पाहिलेला असतो. त्यात वहीदा रेहमान मनोरुग्णालयातली नर्स असते, रुग्णाला बरं करण्यासाठी प्रेमाचं नाटक करता करता खरोखरच गुंतते आणि शेवटी तिथेच रुग्ण म्हणून दाखल होते. ‘मी काही म्हणत नाही, फक्त तो सिनेमा एकदा बघ,’ असं म्हणून मावशी पोहे खायला लागते. मनोविकार परिचर्येबद्दल मराठी मध्यमवर्गाकडे उपलब्ध असलेलं करिअर मार्गदर्शन साधारण एवढंच, आणि तेही कृष्णधवल.

आत्याची अडचण व्यवहारातली. स्थळांसाठी जो बायोडाटा छापायचा, त्यात काय लिहायचं? आयसीयू असेल तर ठळक अक्षरात लिहितात, प्रसूती विभाग असेल तर तो शुभच. इथे मात्र ‘नामांकित रुग्णालयात कार्यरत’ एवढ्यावर भागवलं जातं. आणि काका? ‘आपल्या घराण्यात असलं काही नाही,’ हे ते इतक्या ठामपणे सांगतात की जणू मुलीने नोकरीचा नव्हे, अॅडमिशनचाच विषय काढला होता.

मनोविकारशास्त्रात रुग्णाला आपल्या आजाराची कितपत जाणीव आहे हे ठरवायला सहा पायऱ्या मानतात. पहिल्या पायरीवरचा माणूस म्हणतो, मला काहीही झालेलं नाही. सहाव्या पायरीवरच्याला आजार मनापासून कळलेला असतो आणि तो त्याप्रमाणे वागायला लागतो. नर्सिंगच्या विद्यार्थिनीने हे परीक्षेसाठी पाठ केलेलं असतं; त्याचा पहिला खरा उपयोग तिला स्वतःच्या दिवाणखान्यात होतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्क्यांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचं आढळलं होतं. म्हणजे पाचशे पानांच्या लग्नात पन्नासेक जण. पण काकांना विचाराल, तर ते पन्नासच्या पन्नास जण मुलीकडचे.

मुळात तिला ही आवड लागते कुठून? लागते तिसऱ्या वर्षी. तेव्हा मानसिक आरोग्य परिचर्या हा विषय येतो आणि त्याबरोबर प्रत्यक्ष वॉर्डातलं ‘पोस्टिंग’. लातूर, सोलापूर, सांगली कुठली कुठली कॉलेजं आपापल्या बॅचेस या चार गावांपैकी एका ठिकाणी पाठवतात. पन्नास मुली खोल्या भाड्याने घेऊन राहतात, डबे लावतात आणि पहिल्या सकाळी पांढऱ्या कोटात, एकमेकींचा हात घट्ट धरून वॉर्डाच्या दारात उभ्या राहतात. आतून एखादे आजोबा शांतपणे येऊन विचारतात, ‘कुठलं कॉलेज?’

हे आजोबा लक्षात ठेवण्यासारखे. दीर्घकाळ वॉर्डात राहिलेल्या अशा माणसांनी इतक्या बॅचेस पाहिलेल्या असतात की अभ्यासक्रम त्यांना विद्यार्थ्यांपेक्षा जास्त पाठ असतो. मुलीला त्यांची ‘मानसिक स्थिती तपासणी’ लिहायची असते. त्यात लक्ष किती टिकतं हे बघायला शंभरातून सात, मग उरलेल्यातून पुन्हा सात असं वजा करत जायला सांगतात. आजोबा तिचा प्रश्न पुरा व्हायच्या आत ‘त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट’ म्हणून मोकळे होतात आणि ‘आज तारीख बारा, वार गुरुवार, हे रुग्णालय, तुम्ही स्टुडन्ट’ हे पुढच्या प्रश्नांचं उत्तरही आगाऊ देऊन टाकतात. अडते ती मुलगी, कारण उत्तर बरोबर आहे का हे तिला मोबाइलशिवाय सांगता येत नसतं आणि मोबाइल गेटवर जमा असतो. निर्णयशक्ती तपासायचा एक जुना प्रश्न आहे: पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट रस्त्यात सापडलं तर काय कराल? अपेक्षित उत्तर: टपालपेटीत टाकेन. आता, विचारणाऱ्या मुलीने आयुष्यात कधी पोस्टाचं तिकीट चिकटवलेलं नसतं, टपालपेटी कुठे असते हे तिला ठाऊक नसतं. ज्यांना हे दोन्ही नीट माहीत आहे असे वॉर्डात एकटे आजोबाच.

मग ‘प्रोसेस रेकॉर्डिंग’. नर्स आणि रुग्ण यांच्यात झालेला संवाद शब्दशः लिहायचा, शेजारच्या रकान्यात आपण कोणतं संवादतंत्र वापरलं ते लिहायचं. वहीवर रकाने आखून मुली रुग्ण शोधत हिंडतात. बोलके रुग्ण सकाळी नऊच्या आत ‘बुक’ होतात. उशिरा आलेल्या मुलीच्या वाट्याला महिनाभर कुणाशीही न बोललेल्या बाई येतात, आणि तिची वही अशी दिसते: नर्स, ‘नमस्कार, मी अमुक.’ रुग्ण, काही बोलत नाही. तंत्र, मौन. नर्स, ‘जेवलात का?’ रुग्ण, काही बोलत नाही. तंत्र, पुन्हा मौन. मॅडम वही तपासतात आणि लाल शाईत लिहितात, ‘संवाद वाढवा’.

याच वहीतून काही जणींना विषय चिकटतो. शस्त्रक्रिया विभागात त्यांचं नाव कोणी विचारलेलं नसतं. इथे एका माणसाने त्यांच्या वजाबाकीतली चूक सुधारून दिलेली असते.

या सगळ्या वह्यांच्या मागे एक बाई उभी आहे, तिचं नाव हिल्डगार्ड पेप्लॉ. अमेरिकन नर्स. नर्स आणि रुग्ण यांच्यातलं नातं हेच उपचाराचं साधन, असं सांगणारं तिचं पुस्तक १९५२ साली आलं. लिहून झालं होतं चार वर्षं आधीच, पण डॉक्टर सहलेखक नसताना नर्सने एकटीने पुस्तक काढायचं हे तेव्हा प्रकाशकांना फारच धाडसी वाटलं. आजही विद्यार्थिनींना पेप्लॉच्या टप्प्यांवर पाच मार्कांचा प्रश्न येतो. हा चार वर्षांचा खोळंबा मात्र परीक्षेत विचारत नाहीत. विचारायला हवा, पुढच्या नोकरीसाठी त्याच्याइतकी उत्तम तयारी दुसरी नाही.

तर, निकाल लागतो, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी येते, महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते आणि शोध सुरू होतो. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींत ‘पाहिजेत’ या सदरात स्वयंपाकी आणि सेल्समन यांच्या मध्ये नर्स असते. ‘मनोविकार रुग्णालयासाठी जी.एन.एम., ए.एन.एम., बी.एस्सी., राहण्याची सोय, अनुभव असल्यास प्राधान्य.’ जी.एन.एम. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, ए.एन.एम. दोन वर्षांचा, बी.एस्सी. चार वर्षांचा, जाहिरातीत तिघी स्वल्पविरामांनी जोडलेल्या असतात आणि पगाराच्या बाबतीतही पुढे बऱ्याचदा स्वल्पविरामाएवढंच अंतर राहतं.

अनुभवाचं कोडं सगळ्याच धंद्यांत आहे, पण इथे त्याला खास चव आहे. सगळं जग म्हणतं की ही नोकरी कुणालाच नको असते. मग जी एक मुलगी आपण होऊन दारात उभी आहे तिला आत घ्यायला हरकत कसली? हरकत हीच, की ती आपण होऊन आली आहे. ‘इकडेच का?’ या प्रश्नामागे दर वेळी एक संशय असतो. हाडांच्या दवाखान्यात अर्ज करणाऱ्या नर्सला तिचं हाड मोडलंय का, असं कोणी विचारत नाही.

कायद्याचं म्हणाल तर तो तिच्या बाजूचा आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. मानसिक आरोग्य परिचारिका कुणाला म्हणायचं, हे त्यात स्पष्ट आहे: सर्वसाधारण नर्सिंगची किंवा मनोविकार नर्सिंगची मान्यताप्राप्त पदविका अथवा पदवी, आणि राज्याच्या परिषदेत नोंदणी. म्हणजे परवा नोंदणी झालेली मुलगीही कायद्याच्या लेखी पूर्ण परिचारिका. याशिवाय मनोविकार परिचर्येची एक वर्षाची पदविका आहे, त्यापुढे एम.एस्सी. आहे, पण पदविकेच्या प्रवेशाची चौकशी करावी तर काही ठिकाणी तिथेही पहिला प्रश्न असतो, ‘अनुभव किती?’

नोकरीच्या वाटा तशा तीन. सरकारी वाट सर्वांत रुंद आणि सर्वांत लांब. अधिपरिचारिका या पदाची वेतनश्रेणी सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ३५,४०० ते १,१२,४००. हा आकडा ऐकून ‘चार वर्षं फी भरली’ म्हणणारी आईसुद्धा वॉर्डाबद्दलचं मत मवाळ करते. पण भरती निघायला हवी, निघाली तर परीक्षा व्हायला हवी, झाली तर निकाल लागायला हवा. परीक्षेत मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी असते. मराठीच्या प्रश्नांत समास येतो, वाक्प्रचार येतो. बौद्धिक चाचणीत पुन्हा ती संख्यामालिका असते, आणि वॉर्डातल्या आजोबांची आठवण येऊन मुलगी मनातल्या मनात सात वजा करायला लागते.

दुसरी वाट कंत्राटी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली देशात सुरू झाला, आणि त्यात जिल्ह्याच्या चमूमध्ये मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक यांच्याबरोबर परिचारिकेचंही पद असतं. काम सुंदर. गावोगावच्या शिबिरांना जायचं, गोळ्या सोडून दिलेल्या रुग्णाच्या घरी जाऊन बसायचं. पण करार वर्षही न भरणाऱ्या मुदतीचा. रुग्णाला ‘औषधं नियमित, न चुकता, वर्षानुवर्षं घ्यावी लागतील’ हे समजावून सांगणाऱ्या माणसाची स्वतःची नेमणूक दर वर्षी तुटून पुन्हा जोडली जाते.

तिसरी वाट खासगी. बहुतेकींची पहिली नोकरी इथेच. एखाद्या जिल्ह्याच्या गावी वीस-तीस खाटांचं मनोविकार रुग्णालय, खाली औषधांचं दुकान, वर डॉक्टरांचं घर. मुलाखत घ्यायला डॉक्टर आणि व्यवस्थापन बघणाऱ्या त्यांच्या पत्नी. डॉक्टर विचारतात, ‘लिथियमची रक्तातली पातळी किती ठेवतात?’ मुलगी ०.६ ते १.२ हे बरोबर सांगते. मॅडम विचारतात, ‘लग्न ठरलंय का?’ खरी मुलाखत ती हीच. पुढचा प्रश्न ‘भीती वाटते का?’ हा. याचं बरोबर उत्तर नाहीच. ‘वाटते’ म्हटलं तर ही टिकणार नाही, ‘वाटत नाही’ म्हटलं तर ही निष्काळजी. कॉलेजातली हुशार मुलगी अशा वेळी संवादतंत्र वापरते आणि प्रश्न परतवते, ‘तुम्हाला काय वाटतं, मॅडम?’ काही ठिकाणी यावर नोकरी मिळते, काही ठिकाणी दार दाखवतात.

मग पगार. खासगी रुग्णालयांतल्या नर्सेसच्या वेतनासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०१६ साली शिफारस केली की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही महिना किमान २०,००० रुपये द्यावेत. मुलाखतीत मुलगी हा आकडा बिचकत बिचकत काढते. मॅडम प्रसन्न हसतात आणि म्हणतात, ‘आधी शिकून घ्या, मग बघू.’ चार वर्षं शिकून आलेल्या माणसाला हे वाक्य ऐकवायला वेगळीच प्रतिभा लागते. वर मूळ प्रमाणपत्रं ‘सुरक्षित राहावीत म्हणून’ रुग्णालयाच्या कपाटात ठेवायची प्रथा काही ठिकाणी आहे. दाखल होणाऱ्या रुग्णाचे हक्क कायद्याने एवढे नीट लिहून ठेवलेत, आणि रुजू होणाऱ्या नर्सची मार्कलिस्ट मात्र कुलपात.

मुलांची, म्हणजे ‘ब्रदर’ लोकांची गोष्ट थोडी निराळी. नर्सिंग शिकलेल्या मुलाला बाकीची दारं अर्धीच उघडतात. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत ऐंशी टक्के जागा स्त्रियांसाठी, वीस पुरुषांसाठी. मानसोपचारात आणि व्यसनमुक्ती केंद्रांत मात्र त्याला फोन येतो. जाहिरात वाचली तर पोलीस भरतीची वाटावी: ‘ब्रदर पाहिजेत, तब्येत चांगली असावी.’ पुस्तकी प्रश्न एकही न विचारता त्याचे दंड बघून नेमणूक होते. इथे लेखकाचा ठाम आक्षेप आहे. चिडलेल्या माणसासमोर पहिलवान उभा केला की तो आणखी चिडतो, हे वॉर्डातल्या कुठल्याही जुन्या मावशीला विचारा. उत्तम ब्रदर बहुधा किरकोळ अंगकाठीचे असतात, हळू बोलतात आणि त्यांना क्रिकेटचा स्कोअर माहीत असतो. शिवाय अंगाला हात लावायचाच तर कायद्याचं कलम ९७ आहे: रुग्णाला एकट्याला कोंडून ठेवायला बंदी, बांधून ठेवणं फक्त तेव्हाच, जेव्हा समोर उभा असलेला धोका टाळायचा दुसरा मार्गच नाही, आणि तेही मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने. कर्मचारी कमी आहेत हे कारण चालणार नाही, असंसुद्धा कलमात लिहिलंय. कायदा करणाऱ्यांनी कधीतरी नाइट ड्युटी पाहिली असावी.

अखेर नोकरी लागते. पहिल्या दिवशी मुलगी तयारीने जाते: पाठ केलेली औषधं, नवं घड्याळ, खिशात चार रंगांची पेनं. इन्चार्ज सिस्टर तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघतात आणि पेनं काढून घेतात. ओढणी नको, गळ्यातली साखळी नको, केसांत टोकदार पिना नकोत. मग तिच्या हातात येतो चाव्यांचा जुडगा, आणि पुढचे काही आठवडे तिचं सगळं शिक्षण त्या जुडग्याभोवती फिरतं. कोणतं दार आधी बंद करून कोणतं उघडायचं. जुडगा वाजू न देता कसा धरायचा. कोणत्याही परिस्थितीत तो टेबलावर का ठेवायचा नाही. त्याखालोखाल मोजणी. चमचे मोजायचे, नेलकटर मोजायचं, दाढीचं सामान मोजायचं, माणसं मोजायची, आणि ‘ओव्हर’ देताना हे सगळं पुढच्या पाळीला मोजून द्यायचं. चमचा एक कमी भरला की घरी जाणं रद्द. दीड तास शोधल्यावर तो मावशींच्या डब्यात सापडतो.

सलाईन लावण्यात जिचा हात कॉलेजात पहिला होता तिला महिनाभर सलाईन दिसत नाही. दिसतात गोळ्या, आणि गोळी दिल्यावर ‘आ करा, जीभ वर करा’ हे बघणं. यात रुग्णांचं कसब थक्क करणारं असतं. गालात, जिभेखाली, टाळूला, दातांच्या कवळीमागे. ती आ करायला सांगते तेव्हा तोंडात काही नसतं आणि संध्याकाळी कुंडीत तीन गोळ्या उगवलेल्या असतात. रात्री कुणी फारच अस्वस्थ झालं तर डॉक्टर फोनवर म्हणतात, ‘सेरेनेस-फिनर्गन द्या.’ ही जोडी भारतातल्या मानसोपचार वॉर्डांत इतकी मुरलेली आहे की नव्या सिस्टरला काही दिवस ते एकाच औषधाचं नाव वाटतं.

विजेच्या उपचारांची सकाळ ही तिची खरी परीक्षा. सिनेमांनी या प्रकाराची जी दहशत बसवली आहे ती घेऊनच ती जाते. हा उपचार १९३८ साली रोममध्ये सुरू झाला तेव्हा भूल देत नसत. आता भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय तो करायला कलम ९५ प्रमाणे बंदी आहे. प्रत्यक्षात भूलतज्ज्ञ येतात, काही मिनिटांत काम उरकतं, पेशंट थोड्या वेळाने डोळे उघडून घड्याळ विचारतो. अवघड असतं ते आदल्या रात्रीपासूनचं: पेशंटच्या पोटात काही जाऊ द्यायचं नाही. शेजारच्या खाटेवरचा मित्र सकाळी सहाला अर्धा कप चहा आणि दोन बिस्किटं प्रेमाने पुढे सरकवतो आणि भूलतज्ज्ञ गाडी वळवून परत जातात. नव्या सिस्टरची पहिली लेखी कानउघाडणी बहुधा पार्ले-जीवरून होते.

कपड्यांचाही एक प्रसंग घडतो. नव्या कायद्याप्रमाणे रुग्णाला स्वतःचे कपडे घालायचा हक्क आहे, संस्थेचा गणवेश त्याच्यावर लादता येत नाही. त्यामुळे वॉर्डात जीन्स घातलेला, दाढी कोरलेला, शुद्ध मराठी बोलणारा तरुण रुग्ण असतो आणि चुरगळलेला गणवेश, तारवटलेले डोळे, डबल ड्युटी झालेली नर्स असते. भेटीला आलेले नातेवाईक सरळ त्या तरुणाकडे जाऊन विचारतात, ‘डॉक्टर, आमच्या पेशंटला कधी सोडणार?’ तोही जबाबदारीने उत्तर देतो.

बोलणं मात्र तिला मुळापासून नव्याने शिकावं लागतं. पाठ्यपुस्तकाने तीन गोष्टींना बंदी घातलेली असते. ‘काळजी करू नका, सगळं ठीक होईल,’ असा पोकळ दिलासा द्यायचा नाही. ‘असं का केलंत?’ असं विचारायचं नाही, कारण ‘का’ म्हटलं की माणूस स्वतःचा बचाव करायला लागतो. आणि सल्ला द्यायचा नाही. आता, काळजी करू नका, असं का केलंत आणि मी सांगतो तसं करा, ही तीन वाक्यं वगळली तर मराठी घरात उरतं काय? भेटीला आलेला माणूस दवाखान्यात शिरल्यापासून रिक्षात बसेपर्यंत या तीनच वाक्यांवर निभावून नेतो. वॉर्डात हे नियम पाळून पाळून सवय लागलेली मुलगी सुट्टीत घरी जाते तेव्हा पंचाईत होते. आई म्हणते, ‘भाजीत मीठ जास्त झालं वाटतं.’ ती म्हणते, ‘तुला मीठ जास्त झाल्यासारखं वाटतंय.’ आई पदर खोचून उभी राहते. मावशीला लगेच ‘खामोशी’ आठवतो.

इन्चार्ज सिस्टर अशा वेळी आधार असतात. मुंबई-पुण्यातल्या कित्येक वॉर्डांत त्या केरळच्या, वीसेक वर्षं इथे राहून मल्याळी चालीत अस्खलित मराठी बोलणाऱ्या. ठाणे-येरवड्याच्या थट्टेने रडकुंडीला आलेल्या मुलीला त्या सांगतात की त्यांच्याकडे हाच मान कोळिकोडच्या कुतिरवट्टमला आणि तिरुवनंतपुरमच्या ऊळंपाऱ्याला आहे. चेन्नईत किल्पॉकला, हिंदीवाल्यांकडे आग्रा आणि रांचीला. संबंध देशाची भाषिक एकात्मता या एका बाबतीत पूर्ण झालेली आहे. ‘लोग हसतंय, हसू दे. रात्री फोन तेच करतंय,’ असं म्हणून सिस्टर औषधांचं रजिस्टर पुढे ओढतात.

आणि फोन येतात. रात्री साडेनऊनंतर, हळू आवाजात, बहुतेक बाल्कनीतून. ‘आमच्या एका ओळखीच्यांना...’ अशी सुरुवात. ओळखीच्यांना झोप लागत नाही, ओळखीचे एकटेच बसून असतात, ओळखीच्यांना गाडी चालवताना एकदम छातीत धडधडतं. मग गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो येतो, आणि त्यावर मेडिकलवाल्याने पेनाने लिहिलेलं नाव असतं काकांचं. तिला औषध सांगायचा अधिकार नाही, सल्ला तर पुस्तकानेच बंद केलेला. ती तज्ज्ञाकडे जायला सुचवते आणि तोवर बोलायला म्हणून १४४१६ हा क्रमांक देते, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या सरकारी टेलीमानस सेवेचा. काका नंबर लिहून घेतात, दोनदा म्हणून दाखवतात. मग विचारतात, ‘तिथे ओळखीचं कोणी उचलणार नाही ना?’ सहा पायऱ्यांच्या त्या जिन्यावर काका निदान तिसरीवर तरी पोचलेले असतात.

असं वर्ष सरतं. जुडगा वाजेनासा होतो. गोळी गालात आहे की जिभेखाली हे चेहऱ्यावरून कळायला लागतं. कोण केव्हा बिघडणार आहे याचा अंदाज आधी मावशींना येतो, मग तिला, मग डॉक्टरांना. पगार हजाराने वाढतो. अनुभवाचा दाखला मिळतो, त्यावर ‘मनमिळाऊ’ असं लिहिलेलं असतं, आणि नेमकी तेव्हाच सरकारी भरतीची यादी लागते.

यादीत तिचं नाव आहे. सगळ्या वाडीत पेढे. मानसोपचाराचा अनुभव अर्जाच्या रकान्यात नीट भरलेला होता, म्हणून नेमणूक कुठे होणार याबद्दल तिला शंका नसते. आदेश येतो: जिल्हा रुग्णालय, अस्थिरोग विभाग. तिची वर्गमैत्रीण, जिने पोस्टिंगच्या महिन्यात वॉर्डाच्या दारापलीकडे पाऊल टाकलं नव्हतं आणि संपूर्ण प्रोसेस रेकॉर्डिंग मैत्रिणीच्या वहीतून उतरवून काढलं होतं, तिला मिळतं ३६५ खाटांचं रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय. दोघी त्याच रात्री फोनवर ठरवून आपसी बदलीचा अर्ज लिहितात. ‘कारण’ या रकान्यात एकीने लिहिलं, ‘मानसोपचाराची आवड’. दुसरीने लिहिलं, ‘घरगुती अडचण’. मेट्रनने दोन्ही अर्ज वाचले, पहिला परत केला आणि सांगितलं, ‘बाई, कारण पटण्यासारखं लिहा.’